समाजाचे न मोजलेले भांडवल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात, झाशी येथील लक्ष्मी गेटनजीकच्या सभागृहात महिला शाखेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपण महिला शाखेला व्यासपीठावर पाचारण केले, याबद्दल आम्ही प्रथम कार्यकारी मंडळाचे आभार मानतो. आजवर अशा समारंभांत आमच्याकडे स्वागतगीत, रांगोळी आणि अल्पोपाहार अशी तीन खाती असत. ती आजही आमच्याकडेच आहेत. दाराशी काढलेली रांगोळी आपण येताना पाहिलीच असेल. त्याखेरीज आज चार शब्द बोलण्याचे काम आमच्यावर सोपविले आहे आणि विषयही आम्हालाच निवडू दिला आहे. स्त्रियांचे श्रम व बुद्धी ही समाजाची संपत्ती कशी आहे, आणि त्या संपत्तीचा आपण विनियोग कसा करतो, याविषयी आम्ही बोलणार आहोत.

या विषयावर भाषणे पुष्कळ झाली आहेत. स्त्री ही शक्ती आहे, माता आहे, देवी आहे, असे सांगून वक्ते खाली बसतात आणि टाळ्या पडतात. आम्ही आज तशा भाषेत बोलणार नाही. संपत्ती म्हटली की मोजदाद आली. ती किती आहे, कोठे गुंतविली आहे, कोठे पडून आहे आणि कोठे वाया गेली, हे विचारणे आले. आमचे आजचे बोलणे हा एक हिशेब आहे असे समजावे.

या हिशेबाची सुरुवात योगायोगाने झाली. स्मरणिकेसाठी 'महिला शाखेची वाटचाल' या मथळ्याचे एक पान आम्ही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने कळविले. माहिती मिळावी म्हणून आम्ही कपाटातील जुने वार्षिक अहवाल काढले. त्यांत अध्यक्ष, कार्यवाह व खजिनदार यांची नावे आहेत, देणगीदारांची यादी आहे, सतरंज्या, समया आणि पितळी पातेली किती रुपयांना घेतली तेही आहे. आमच्याविषयी मात्र बहुतेक प्रत्येक अहवालात एकच वाक्य आढळले: 'या कार्यात भगिनींचे मोलाचे सहकार्य लाभले.' मोलाचे होते हे मान्य. पण मोल किती, ते कोणीच मांडलेले नव्हते. पातेल्याची किंमत लिहिली गेली, त्या पातेल्यात पन्नास वर्षे प्रसाद रांधणाऱ्या हातांची नोंद राहिली नाही.

हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. अहवाल लिहिणारे आमचेच वडील, दीर आणि यजमान होते, आणि त्यांनी हे मंडळ पोटच्या मुलासारखे वाढविले. परंतु नोंद नसली की मालमत्ता विसरली जाते, हे कोणताही खजिनदार सांगेल. हे विसरणे केवढे महाग पडू शकते, ते आपल्या या गावाइतके दुसरे कोणते गाव सांगणार?

आपण बसलो आहोत ते सभागृह लक्ष्मी गेटच्या अंगाला आहे. जुन्या झाशीच्या तटाला जे दरवाजे होते, त्यांपैकी हा एक. येथून बाहेर पडले की महालक्ष्मीचे देऊळ, लक्ष्मी तलाव आणि तलावाकाठी गंगाधरराव महाराजांची छत्री. आपल्यापैकी काहींचे पूर्वज नारोशंकरांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, सुभेदारांबरोबर येथे आले. काही नेवाळकरांच्या पदरी राहिले. पुढे कित्येक रेल्वेच्या, सैन्याच्या आणि बँकांच्या नोकऱ्यांमुळे आले. कोणी कोणत्याही वाटेने आलेला असो, आपण सारेच ज्या एका स्त्रीच्या गावात राहतो, तिची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. काशीत जन्मलेली, बिठूरला वाढलेली मनकर्णिका १८४२ साली येथल्या गणेश मंदिरात विवाहबद्ध झाली आणि लक्ष्मीबाई झाली. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. १८५४ मध्ये दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी संस्थान खालसा केले, आणि जून १८५७ च्या उठावानंतर कारभार पुन्हा राणीसाहेबांच्या हाती आला. पुढचे सुमारे दहा महिने हे राज्य एका तरुण विधवेने चालविले.

त्या दिवसांचे वर्णन करणारा ग्रंथ आपल्या मराठीत आहे, हे आपले भाग्य. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे आले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. वेढ्याच्या वेळी ते याच शहरात होते. त्यांचा 'माझा प्रवास' भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. त्यातून आपल्याला केवळ रणांगणावरील राणी दिसत नाही. पहाटे व्यायाम करणारी, दरबारात बसून फिर्यादी ऐकणारी, घोड्याची पारख असणारी आणि बाईमाणसांत आपुलकीने वावरणारी राणी दिसते. तलवार हा तिच्या गुणांपैकी एक गुण होता. हिशेब, न्याय, माणसांची निवड आणि दारूगोळ्याची सिद्धता हे तिचे रोजचे काम होते.

मार्च १८५८ च्या उत्तरार्धात सर ह्यू रोज याने शहराला वेढा घातला. त्या वेढ्याविषयी खुद्द इंग्रजांच्या वृत्तांतात एक गोष्ट नमूद आहे. झाशीच्या तोफखान्यांवर स्त्रिया काम करताना दिसत होत्या, दारूगोळा वाहत होत्या. तोफांनी पाडलेल्या तटाची डागडुजी करण्यात आणि पहाऱ्यावरील शिपायांना अन्नपाणी पोचविण्यातही बायका होत्या. शत्रूने दुर्बिणीतून पाहिले आणि लिहून ठेवले. त्या स्त्रिया कोण होत्या? कोणाच्या घरच्या होत्या? तट बांधायला त्यांना कोणी शिकविले? एप्रिलच्या आरंभी शहर पडले, कत्तल आणि लूट झाली, आणि जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ राणीसाहेब धारातीर्थी पडल्या. त्यांचे नाव इतिहासात गेले. तट सावरणाऱ्या त्या शेकडो हातांची नावे मात्र कोणत्याही दफ्तरात नाहीत.

चारदोन नावे लोकांनी आठवणीत जपली. किल्ल्यात गुलाम गौसखान आणि खुदाबक्ष यांच्याजवळ मोतीबाईची कबर आहे. तिच्यापाशी आपण मुलांना घेऊन जातो. कोरी समाजातील झलकारीबाईची कथा येथल्या वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. २००१ साली भारतीय टपाल खात्याने तिच्या नावाचे तिकीट काढले. म्हणजे नोंद व्हायला सुमारे दीडशे वर्षे लागली.

या प्रसंगातून आम्ही एक बोध घेतला, तो आज आपल्यापुढे ठेवतो. संकट आले म्हणजे प्रत्येक समाज स्त्रियांना हाक मारतो. तट पडू लागला की कोणी सोवळेओवळे पाहत नाही, पदर पाहत नाही, बाईला गवंडीकाम शोभते काय असे विचारत नाही. संकट सरले की त्याच हातांना घरी पाठविले जाते आणि त्या हातांना काय काय येत होते, हे विसरले जाते. राणीसाहेबांचे वेगळेपण येथे आहे. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या सभोवतालच्या स्त्रियांना घोड्यावर बसणे, हत्यार चालविणे आधीपासून शिकविले होते. त्यांनी हे भांडवल वेळेवर ओळखले आणि त्यात आधी गुंतवणूक केली. म्हणूनच १९४३ साली सिंगापूर येथे नेताजी सुभाषचंद्र बोसांनी आझाद हिंद सेनेत स्त्रियांची पलटण उभारली, तेव्हा तिला झाशीच्या राणीचे नाव दिले. डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या हाताखालच्या त्या पलटणीत मलायातील रबराच्या मळ्यांवरील अनेक तमिळ मजूरकन्या होत्या. त्यांनी झाशी कधी पाहिली नव्हती.

आता थोडे आपल्या मायभूमीकडे वळू. महाराष्ट्रात गेल्या शतकात आणि त्याच्या आधीच्या शतकात स्त्रियांसाठी जे मोठे काम झाले, त्याची मूळ प्रेरणा दया होती असे समजण्याची आपल्याला सवय आहे. अनाथ, विधवा, परित्यक्ता यांना आसरा द्यावा, इतकेच त्या कामाचे स्वरूप होते असे वाटते. पण थोडे बारकाईने पाहिले तर त्या संस्थांनी आसऱ्यापेक्षा मोठी गोष्ट केली. समाजाने निरुपयोगी ठरविलेल्या माणसांना त्यांनी कामाचे माणूस ठरविले.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना प्रथम अडचण पडली ती शिक्षिकेची. ती अडचण घरातच सुटली; जोतीरावांनी पत्नीला शिकविले आणि ती शिक्षिका झाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्ती सदन वसविले. तेथे दुष्काळाने उद्‌ध्वस्त झालेल्या स्त्रिया विणकाम, शेतकाम, छापखान्यातील जुळणी अशी कामे शिकल्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तेथून शिक्षिका व परिचारिका बाहेर पडू लागल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. या दोन रमाबाई स्वतः विधवा होत्या, हे आपण ध्यानात घ्यावे.

या साऱ्यांत दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष जवळची वाटावी अशी एक स्त्री आहे: पार्वतीबाई आठवले. देवरुखची ही मुलगी विशीत विधवा झाली, पदरी एक मूल. शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. थोरली बहीण बाया कर्वे हिच्या घरी आल्यावर, वयाने मोठी झाल्यावर, ती शिकू लागली. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी निधी गोळा करण्याचे काम तिने अंगावर घेतले आणि गावोगाव व्याख्याने दिली. इंग्रजी यावे आणि आश्रमासाठी मदत मिळवावी म्हणून १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, ती एकटी अमेरिकेला गेली. तेथे तिने लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले, त्यातून भाषा शिकली आणि आश्रमाचे काम लोकांना सांगितले. आपली हकीकत तिने 'माझी कहाणी' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ज्या घरात ती राहिली असती तर आयुष्यभर 'बिचारी' म्हणूनच राहिली असती, त्याच बाईने एक संस्था खांद्यावर घेतली. तिला दया मिळाली असती तर समाजाला एक आश्रित मिळाली असती. तिला काम मिळाले म्हणून समाजाला एक कार्यकर्ती मिळाली.

आता पैशाचे उदाहरण घेऊ, कारण भांडवलाची गोष्ट पैशाशिवाय पुरी होत नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी जमल्या आणि त्यांनी पापड लाटले. ऐंशी रुपये उसने घेतले होते, ते भांडवल. घरोघर फुकट होणारे तेच काम त्यांनी एकत्र येऊन मोल घेऊन केले आणि त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. आज त्या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक भगिनी काम करतात, आणि लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची मालकीण समजली जाते. त्या सात जणींतील जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या भगिनी गुजराती होत्या. पण लाटण्याला भाषा नसते, आणि गिरगाव आपलेच आहे.

त्याच मुंबईत, गिरणगावात, गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. घर सोडून आलेल्या हजारो कामगारांच्या पोटावर गिरण्या चालत होत्या आणि ते पोट या बायका भरत होत्या. तरीही त्यांना कर्ज हवे असले की सावकाराच्या दारी जावे लागे, कारण बँकेच्या दृष्टीने त्या काही करीतच नव्हत्या. गोव्याच्या मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९७५ हे संयुक्त राष्ट्रसंघाचे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. जगभर परिषदा झाल्या, ठराव झाले. आमच्या मते त्या वर्षातील एक मोठी परिषद गिरणगावच्या चुलीपाशी झाली.

हे सर्व जुने झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून अलीकडचा एक आकडा सांगतो. भारत सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात असे आढळले. जे पुरुष असे काम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटे निघाली. शिवाय असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष शंभरात २६. जवळजवळ पाच तासांचे हे रोजचे काम कोणत्याही जमाखर्चात येत नाही. ते थांबले तर मात्र दुसऱ्या दिवशी ना कचेरी उघडेल, ना शाळा भरेल.

आपल्या बुंदेलखंडात तर हा भार अधिक आहे. पाण्याची टंचाई आपण जाणतो. उन्हाळ्यात खेड्यांत पाणी आणण्याचे काम कोणाच्या डोक्यावर असते, तेही जाणतो. पण याच भागात २०१९ मध्ये बलिनी दूध उत्पादक कंपनी स्थापन झाली. तिच्या सभासद खेड्यांतील स्त्रिया आहेत आणि दुधाचे पैसे त्यांच्याच खात्यांत जमा होतात. म्हैस पूर्वीही तीच बाई सांभाळत होती, धारही तीच काढत होती. बदलले ते एवढेच की आता खाते तिच्या नावाचे आहे.

बंधुभगिनींनो, दूरचे सांगणे सोपे असते. आता आम्ही घरचे सांगतो, आणि ते सांगताना दोष कोणा एकावर ठेवत नाही. त्या दोषात आम्हीही आहोत.

पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या मंडळातील एका भगिनीचे यजमान नोकरीत असतानाच वारले. घरात दोन मुले शाळेत जाणारी. मंडळ धावून गेले. वर्गणी काढली, धान्य भरले, मुलांची फी भरली. हे सर्व आपण मनापासून केले आणि त्याचा अहवालात उल्लेखही आहे. ज्याचा उल्लेख नाही तो प्रसंग असा. वर्षभराने त्या बाईंनी मंडळाला एक अर्ज दिला. घर भाड्याचे, स्वयंपाकाची जागा पुरेशी नाही. तेव्हा मंडळाचे स्वयंपाकघर आणि मोठी पातेली रोज सकाळी दोन तास वापरायला मिळावीत, म्हणजे नोकरीनिमित्त एकटे राहणाऱ्या लोकांना डबे पुरविता येतील. भाडे देण्याची तयारी आहे. बाईंच्या हाताला चव होती, हिशेबही चोख होता. गणेशोत्सवाच्या पंगतीचे सामान किती लागेल, हे त्या कागदावर न मांडता सांगत.

कार्यकारिणीची बैठक झाली. स्वयंपाकघर मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, खाजगी धंद्यासाठी देता येणार नाही, असा नियम दाखविण्यात आला. शिवाय आपल्यातल्या एका घरच्या बाईने डबे पोचवावेत हे बरे दिसणार नाही, त्यापेक्षा मदतीची रक्कम वाढवावी, असे ठरले. ठराव एकमताने झाला. त्या बैठकीत आम्हीही होतो. आम्ही चहा देत होतो. आमच्यापैकी कोणीही ट्रे खाली ठेवून एक शब्द बोलले नाही.

बाईंनी वाढवलेली रक्कम नम्रपणे नाकारली. काही महिन्यांनी त्या मुलांना घेऊन भावाकडे गेल्या. पुढे त्यांचे काय झाले ते आम्हाला नीट कळले नाही. निरोप घ्यायला आल्या तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मला पुष्कळ दिलंत. मी मागितलं होतं ते मात्र वेगळं होतं." आज हा प्रसंग सांगताना आमची मान खाली जाते. ज्या गावाचे नाव एका विधवेच्या कर्तृत्वामुळे जगाला माहीत झाले, त्या गावात आपण एका विधवेला मदत देऊ केली आणि काम नाकारले.

आणि आम्ही स्त्रियाही कमी नाही. चैत्रात आम्ही हळदीकुंकू करतो, राणीसाहेबांच्या तसबिरीला हार घालतो, आणि त्याच समारंभाला आपल्यातील विधवा भगिनींना आमंत्रण देताना अडखळतो. राणीसाहेब आज आल्या, तर त्यांना आपण कोठे बसवू, याचा विचार आम्ही यंदा प्रथमच मोठ्याने केला. यावर्षीपासून आमच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण सर्व भगिनींना जाईल, असे महिला शाखेने ठरविले आहे. तसेच, सभासंमेलनांना आम्हाला येता येते ते आमच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बुंदेली बायांमुळे. त्यांच्या श्रमाचा हिशेब आपण कसा ठेवतो, त्यांना सुट्टी आणि आजारपणाचा पगार देतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. आमच्या श्रमाची नोंद मागताना त्यांच्या श्रमाची नोंद आम्ही पुसली, तर आमचे हे भाषण व्यर्थ होईल.

आणखी एक संपत्ती आहे, ती केवळ आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांनाच कळेल. ती म्हणजे आपली भाषा. शाळेत हिंदी, बाजारात बुंदेली, कचेरीत हिंदी-इंग्रजी. अशा ठिकाणी मुलांच्या तोंडी मराठी राहिली ती कोणामुळे? घास भरवताना, वेणी घालताना, शुभंकरोती म्हणवून घेताना ती शिकविली गेली. आपल्या कित्येक घरांत हिंदी भाषिक सुना आल्या. त्यांनी सासूबाईंकडून पुरणपोळीबरोबर मराठीही शिकून घेतली आणि आज त्यांची मुले या व्यासपीठावर नाट्यप्रवेश करतात. पन्नास वर्षे मराठी मंडळ मराठी राहिले, याचे शिक्षण खाते घरोघरच्या स्वयंपाकघरात होते, आणि तेथल्या शिक्षिकांना हजेरीपटही नव्हता.

आता शेवटी काही मागण्या. सुवर्णमहोत्सवी निधी जमला आहे आणि त्याचा विनियोग ठरवायचा आहे, म्हणून हीच वेळ योग्य आहे. पहिली मागणी: यापुढील वार्षिक अहवालात श्रमदानाचे स्वतंत्र कोष्टक असावे. समजा, गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत बारा भगिनींनी रोज चार तास काम केले, तर ते ४८० तास होतात. आठ तासांच्या हिशेबाने साठ दिवसांची मजुरी. ती आम्हाला नको आहे. ती जमेच्या बाजूला लिहावी, नावानिशी लिहावी, आणि पुरुषांनी केलेले श्रमही त्याच कोष्टकात लिहावेत.

दुसरी मागणी: मंडळाचे स्वयंपाकघर, भांडी आणि दुपारी रिकामे राहणारे सभागृह हे शिवण, शिकवणी, डबे, फराळाचे पदार्थ अशा उद्योगांसाठी सभासद भगिनींना माफक भाड्याने मिळावे. नियम आड येत असेल तर नियम बदलावा. पूर्वी तो आपणच केला होता.

तिसरी मागणी: महोत्सवी निधीतील काही भाग फिरत्या कर्जासाठी राखून ठेवावा. ते दान नसावे, कर्जच असावे. परत येईल आणि दुसरीच्या हाती जाईल. त्यावर सह्या करणाऱ्यांत दोन भगिनी असाव्यात. आणि चौथी मागणी अगदी लहान आहे: पुढील वर्षीच्या पंगतीत वाढपी आणि भांडी घासणारे यांची पाळी लावताना यादीत पुरुषांची नावेही असावीत. देशाच्या राज्यघटनेने १९९३ पासून गावच्या पंचायतीत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या. आपल्या कार्यकारिणीने आम्हाला तेवढ्या द्याव्यात, आणि आमच्या स्वयंपाकघरात आम्हीही तुम्हाला तेवढ्या देऊ.

सभा संपल्यावर आपण लक्ष्मी गेटकडून परत जाल. वाटेत जुन्या तटाचा जो भाग दृष्टीस पडेल, त्याच्याकडे क्षणभर पाहा. १८५८ च्या त्या रात्री त्याचे दगड परत जागेवर बसविणाऱ्या बायकांची नावे आता कोणालाही सांगता येणार नाहीत. आपल्या मंडळातील हातांची नावे मात्र अजून सांगता येतात. त्यांपैकी बहुतेक जणी आज याच सभागृहात बसल्या आहेत, आणि काही जणी या क्षणी मागे स्वयंपाकघरात आपल्या जेवणाची तयारी करीत आहेत. 'महिला शाखेची वाटचाल' या पानासाठी आम्ही त्या सर्वांची नावे जमविली आहेत. ती एका पानात मावत नाहीत. संपादक मंडळाने आम्हाला आणखी जागा द्यावी, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.